ईयोबाचं पुस्तक घरच्या बायबल अभ्यासात कसं वाचावं

घरात आजारपण आलं की ‘देवाने असं का केलं?’ हा प्रश्न कॉटेज मीटिंगमध्ये (घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभेत) हमखास निघतो. रिडेव्हलपमेंटमध्ये मोठा फ्लॅट मिळाला तर मात्र कोणी ‘का’ विचारत नाही, थेट साक्ष होते, म्हणजे देवाने काय दिलं ते सगळ्यांसमोर सांगितलं जातं. ईयोबाच्या पुस्तकात सुरुवातीचा मोठा प्रश्न सुखाचाच आहे. सैतान देवाला विचारतो: हा माणूस देवाला काय फुकट भितो? (१:९, म्हणजे अध्याय १, वचन ९) मेंढरं, उंट, दहा मुलं, सगळं जागेवर असताना तो विचारला जातो. मग हे सगळं आणि तब्येतही जाते, आणि अलीफज, बिल्दद, सोफर हे तीन मित्र ईयोबाला भेटायला येतात.

४२ अध्यायांना सव्वा-सव्वा तासाच्या सहा बैठका पुरतात. ठाण्यात शनिवारची संध्याकाळ टाळा, घोडबंदर रोडवरून येणारे निम्मी बैठक झाल्यावर पोचतात. रविवारी दुपारी चारची वेळ बरी. आठ-दहा माणसं पुरेत, हॉलमध्ये त्याहून जास्त मावतही नाहीत.

सुरुवात पेन्सिलीने करा. समासात प्रत्येक भाषणाशी बोलणाऱ्याची खूण करा: ईयोबाला ‘ई’, अलीफजला ‘अ’, बिल्ददला ‘बि’, सोफरला ‘सो’. काम कंटाळवाणं आहे, पण बहुतेक घोटाळे इथेच होतात. ८:७ घ्या. आरंभ लहान असला तरी शेवट मोठा होईल, अशा अर्थाचं हे वचन दुकानाच्या उद्घाटनाला आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला हौसेने वापरलं जातं. ते बिल्ददचं आहे. तीनच वचनं आधी तो मुलं गमावलेल्या बापाला सुनावतो की त्यांना त्यांच्या पापाचं फळ मिळालं असेल. आणि ४२:७ मध्ये देव अलीफज आणि त्याच्या दोन मित्रांवर संतापतो, कारण ते देवाविषयी खरं बोलले नाहीत. म्हणून गटात एक नियम ठेवा: वचन सांगण्याआधी बोलणाऱ्याचं नाव सांगायचं.

पहिल्या बैठकीत १ ते ३ अध्याय घ्या, दुसऱ्यावर थांबू नका. अंत्यविधीला आपण १:२१ वाचतो, ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले’. तोच माणूस ३:१ ला स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो. दोन्ही एकाच दिवशी कानावर पडायला हवं.

पुढे ४–१४, १५–२१, २२–३१ अशी वाटणी करा. सगळं घरून वाचून यायचं, बैठकीत दोन-तीनच अध्याय मोठ्याने आणि वेगवेगळ्या आवाजांत वाचायचे. २१ व्या अध्यायाला अर्धा तास द्या. दुष्ट माणसं सुखात म्हातारी का होतात, असं ईयोब तिथे विचारतो. मग वहीत दोन रकाने आखा: अलीकडे मिळालेलं एक, गेलेलं एक. दोन्हींखाली एकच प्रश्न लिहा, ‘याचं कारण मला खरंच माहीत आहे का?’ सुखाच्या रकान्यात बरेच जण ‘प्रार्थनेचं फळ’ लिहितात. तेवढीच प्रार्थना करणाऱ्या शेजाऱ्याचं काय, हे शांतपणे विचारा. लिहिलेलं वाचून दाखवायची सक्ती नको.

चौथ्या बैठकीपर्यंत मित्रांचा वाद थकतो. बिल्दद सहा वचनांत आटपतो, सोफर बोलतच नाही. पाचवीतला अलीहू, नंतर बोलायला लागणारा तरुण (३२–३७), भरभर उरकला तरी चालेल.

कोणाच्या घरी नुकतंच कोणी गेलं असेल तर त्यांना आधी फोन करून विषय सांगा आणि तिसरा अध्याय त्यांच्याकडून वाचून घेऊ नका. मित्रांची सुरुवात (२:१३) मात्र अचूक होती: सात दिवस, सात रात्री जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. भेटायला जाताना डबा न्या, चहा आपण करा आणि ‘देवाची काहीतरी योजना असेल’ हे वाक्य गिळून टाका. कोणी ‘मला जगायचंच नाही’ म्हणालं तर अभ्यास तिथेच थांबवा, त्यांना एकटं सोडू नका आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा.

सहावी बैठक ३८–४२. देव ‘का’चं उत्तर देत नाही. रानबकरी केव्हा विते, माणूस नसलेल्या ओसाड जागी पाऊस कोण पाडतो, असे उलटे प्रश्न विचारतो. स्वर्गात देव आणि सैतान यांच्यात काय बोलणं झालं, हे ईयोबाला शेवटपर्यंत कळत नाही. गटाला हे टोचतं, टोचू द्या. शेवटी १:२–३ आणि ४२:१२–१३ शेजारी ठेवून आकडे वाचा: मेंढरं ७००० ची १४०००, उंट ३००० चे ६०००, मुलगे सातच, मुली तीनच. ‘सगळं दुप्पट परत मिळालं’ असं कोणी म्हणालं, तर पहिल्या दहा मुलांचं काय झालं ते त्यालाच १:१९ मधून वाचायला सांगा.