‘कंपाइल टाइम’वर लिहिताना या चुका टाळा

प्रोग्रामिंगवर लिहिताना ‘हे कंपाइल टाइमला होतं’, म्हणजे प्रोग्राम चालण्याआधी कंपायलर कोडचं रूपांतर करतो तेव्हा होतं, एवढं लिहून सोडून देऊ नका. कंपायलरचं काम टप्प्याटप्प्याने चालतं आणि एका टप्प्याला जे दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही. सी++मध्ये हॅश-इफच्या (#if) अटीत साइझऑफ (sizeof, टाइप किती बाइटचा ते सांगणारं) लिहिलं की एरर येतो, कारण हॅश-इफ बघणाऱ्या प्रीप्रोसेसरला, म्हणजे कोडच्या मजकुरावर काम करणाऱ्या आधीच्या टप्प्याला, टाइप ठाऊकच नसतात. साइझऑफचं उत्तरही कंपाइल टाइमलाच निघतं, मग वाचकाने काय समजायचं? म्हणून टप्प्याचं नाव घ्या: प्रीप्रोसेसिंगला, टेम्प्लेट (टाइप किंवा संख्या भरून कोड तयार करायचा साचा) उलगडताना, कंपायलर फंक्शन चालवून बघतो तेव्हा.

डी भाषेत हा घोळ नेमका पकडता येतो. समजा, एक फंक्शन कंपायलरच चालवणार आहे. त्यात फॉर लूप आहे आणि लूपच्या आत ‘स्टॅटिक इफ’ने (कोडचा कोणता भाग ठेवायचा ते ठरवणारी अट) लूपचा आय, म्हणजे फेऱ्या मोजणारं व्हेरिएबल, तपासलाय. एरर येतो: आय हे व्हेरिएबल कंपाइल टाइमला वाचता येत नाही. अख्खं फंक्शनच कंपाइल टाइमला चालणार आहे ना? आहे, पण नंतर. ‘स्टॅटिक इफ’चा निकाल फंक्शनचा कोड पक्का होतानाच लागतो, तेव्हा लूप सुरूही झालेला नसतो, आयला किंमत कुठून असणार? तिथे साधा इफ लावा, नाहीतर ती संख्या टेम्प्लेट पॅरामीटर म्हणून द्या. आणि लेखात या दोन टप्प्यांना दोन वेगळी नावं द्या, शेवटपर्यंत तीच वापरा.

दुसरी चूक ‘होतं’ आणि ‘होऊ शकतं’ यांची. सी++मधलं कॉन्स्टएक्सप्र (constexpr) फंक्शन कंपायलरला चालवता येतं, पण ते रनटाइमलाही, म्हणजे प्रोग्राम चालताना, चालू शकतं; रस्टमधल्या कॉन्स्ट फंक्शनचंही तसंच. उत्तर आधीच हवं असेल तर ते कॉन्स्टएक्सप्र व्हेरिएबलमध्ये घ्या. सक्ती फंक्शनवरच हवी असेल तर सी++२०पासून कॉन्स्टइव्हॅल (consteval) आहे. कॉन्स्टइनिट (constinit) मात्र फक्त सुरुवातीच्या किंमतीची हमी देतं, ते व्हेरिएबल पुढे खुशाल बदलता येतं.

मराठीत आणखी एक खड्डा आहे: ‘स्थिर’. कॉन्स्टंट, कॉन्स्ट आणि स्टॅटिक या तिघांना हा एकच शब्द लावला की वाक्य खोटं ठरतं, कारण स्टॅटिक व्हेरिएबलची किंमत बदलू शकते. कॉन्स्टंटला स्थिरांक म्हणा, कॉन्स्ट आणि स्टॅटिक तसेच ठेवा. ‘मूल्यमापन’ही नको, त्याने परीक्षेचे गुण आठवतात. गणितात आपण एक्सची किंमत काढतो. एक्सप्रेशनचीही किंमतच काढा.