मॉडेलिंगमधून मराठी मालिकेत येताना

मॉडेलिंग करणारी मुलं-मुली भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मालिकेच्या ऑडिशन कुठे असतात? खरं तर पत्ता सापडणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. अंधेरीच्या आरामनगरात एक दुपार फिरलात तरी दोन-चार ठिकाणी नाव नोंदवून येता, आणि हल्ली बऱ्याच ऑडिशन घरूनच मोबाइलवर शूट करून पाठवायच्या असतात. अवघड काम त्यापुढचं आहे. मॉडेल म्हणून अंगात जे मुरवलेलं असतं, त्यातल्या बऱ्याच गोष्टी मालिकेच्या सेटवर आड येतात आणि ते आधी कोणी सांगत नाही. मी साड्या-दागिन्यांचे कॅटलॉग आणि थोडा रॅम्प करून मराठी मालिकांकडे वळले. नायिकेची जाऊ, नणंद, ऑफिसातली मैत्रीण अशा भूमिका करते. त्या अनुभवावरून हे लिहितेय.

वाट जुनी आहे. मॉडेलिंगमध्ये नाव झालेला मिलिंद सोमण १९९८ साली दूरदर्शनवर 'कॅप्टन व्योम' झाला. त्याच वर्षीच्या मिस इंडिया स्पर्धेत गौरी प्रधान आणि स्मृती इराणी दोघी होत्या, आणि पुढच्या तीनेक वर्षांत दोघी घराघरांत पोचल्या त्या मालिकांमुळे. ही नावं ऐकली की वाटतं, चेहरा असला की झालं. चेहरा तुम्हाला ऑडिशनच्या खोलीपर्यंत नेतो आणि पहिलं मिनिट सांभाळतो, इतकंच.

ते पहिलं मिनिट म्हणजे इंट्रो. नाव, वय, उंची, गाव, आधी काय काम केलंय. मग डावा प्रोफाइल, उजवा प्रोफाइल, हातांचे तळवे पुढून-मागून. मॉडेलला हे झोपेतही जमतं. त्यानंतर सीन सुरू होतो. समोर कॅमेऱ्याच्या शेजारी कास्टिंगचा एखादा मुलगा उभा असतो आणि तो तुमच्या सासूची, नवऱ्याची, बापाची वाक्यं एकाच सुरात वाचत जातो. सकाळपासून पन्नासाव्यांदा वाचत असतो बिचारा. आपली नजर सवयीने लेन्सकडे जाते. कितीतरी वर्षं लेन्सलाच बघायला शिकवलेलं असतं ना! इथे त्या मुलाशीच बोलायचं, त्याच्याच डोळ्यांत बघायचं, आणि तो सपाट वाचत असला तरी त्याचं वाक्य खरोखर ऐकायचं. मी नव्या मुलींना सांगते, स्वतःच्या वाक्यांइतकीच समोरच्याची वाक्यंही पाठ करा. कोणत्या शब्दावर आपल्याला राग येतो, कुठे घशाशी येतं, हे त्याच्या वाक्यात दडलेलं असतं. ऑडिशन बघणारी माणसं आपण बोलत नसतानाचा चेहरा जास्त बारकाईने बघतात.

माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीभोवती फिरतं. फोटोत आणि रॅम्पवर आपण एकटे पुरे असतो. कपडा, उजेड, चाल, झालं काम. समोर कोणी असायची गरज नसते. मालिकेत मात्र आपला निम्मा अभिनय समोरच्याकडून येतो. तो घ्यायला शिकलं नाही, तर चेहरा कितीही देखणा असो, डोळे रिकामे दिसतात.

हे मला कळलं ते एका जेवणाच्या सीनमध्ये. टेबलावर सहा जणं, आणि माझ्या पात्राला सासू सगळ्यांदेखत बोलते असा प्रसंग. आधी मास्टर, म्हणजे सगळे एकत्र दिसणारा शॉट झाला, मग सासूबाईंच्या बाजूचे क्लोज, म्हणजे जवळून घेतलेले चेहऱ्याचे शॉट. त्यात मी सजेशनला, म्हणजे फ्रेममध्ये फक्त माझा खांदा आणि अंबाडा. नंतर लाइट फिरवला आणि माझा क्लोज लागला. ब्रेकची वेळ होत आली होती, सासूची भूमिका करणाऱ्या बाईंचं काम संपलं होतं. त्या सरळ जेवायला गेल्या असत्या तरी कोणी काही म्हटलं नसतं, क्यू द्यायला, म्हणजे त्यांची वाक्यं मला वाचून दाखवायला, एडी (सहायक दिग्दर्शक) होताच. पण त्या चपला घालून कॅमेऱ्याच्या अगदी कडेला येऊन उभ्या राहिल्या आणि फ्रेममध्ये असताना बोलल्या होत्या त्याच्यापेक्षाही जोरकस बोलल्या. मला काही 'करावं' लागलंच नाही. माझा हात पोळीवर तसाच राहिला आणि डोळे भरून आले, ग्लिसरीनची बाटली उघडलीसुद्धा नाही. तेव्हापासून सजेशनला उभी असले, नुसता खांदा दिसणार असला, तरी मी पूर्ण बोलते. नव्या सेटवर तुमच्याबद्दल पहिलं चांगलं मत कशाने होत असेल, तर याने.

मॉडेलिंगचं सगळंच सोडायचं असंही नाही. उजेड कुठे पडतोय हे आपल्याला गालावरच्या उबेवरून कळतं. जमिनीवरच्या टेपच्या मार्कवर खाली न बघता थांबता येतं. दिग्दर्शक 'थोडी चीट हो', म्हणजे जराशी कॅमेऱ्याकडे वळ, म्हणाला, की किती अंश वळायचं ते सांगावं लागत नाही. नकार पचवायची सवय असते. सीनच्या शेवटी कॅमेरा एकेकाच्या चेहऱ्यावर फिरतो, तेव्हा पापणी न हलवता थांबता येतं. हे सगळं भांडवल आहे. फक्त चाल बदलावी लागते. रॅम्पची चाल स्वयंपाकघरात शिरताना लगेच उघडी पडते, आणि हनुवटी वर राहते ती वेगळीच. यावर मला लागू पडलेला उपाय: घरी रिकाम्या हाताने चालायचं नाही. भाजीची पिशवी, पाण्याची कळशी, कडेवर शेजाऱ्यांचं पोर. हातात वजन आलं की खांदे आपोआप माणसासारखे होतात.

उंचीचंही बोलून ठेवते. रॅम्पला पाच फूट सात-आठ इंच उंची लागते, मालिकेत तीच कधी कधी अडते. जोडी एका फ्रेममध्ये बसायला हवी असते आणि नायकाला दर सीनला लाकडी बॉक्सवर उभं करणं कोणालाच परवडत नाही. अशा कारणाने भूमिका गेली तर ती तुमच्या अभिनयावरची टीका समजू नका. आणि पोर्टफोलिओ घेऊन जाऊ नका. साधा कुर्ता, केस बांधलेले, मेकअप नाही, रिटच नाही, असे चार फोटो आणि एक मिनिटाचा इंट्रो व्हिडिओ पुरतो. मराठी मालिकेच्या कास्टिंगला 'ही आपल्या घरातली वाटते का' एवढंच आधी बघायचं असतं.

मग आवाज. मॉडेलला कामात बोलावंच लागत नाही, त्यामुळे हा कप्पा बहुतेकांचा रिकामा असतो. मालिकांमध्ये सेटवरचाच आवाज वापरतात, लेपल माइक पदराच्या आत लावलेला असतो, आणि बोलायचं कुजबुजत नाही, घशातूनही नाही. रोज अर्धा तास मोठ्याने मराठी वाचा. न-ण, ल-ळ, श-ष साफ करा. इंग्रजी माध्यमातून आलेल्यांनी तर हे सगळ्यात आधी. पाठांतरही वाढवा, कारण बऱ्याचदा मेकअप चालू असताना सीनची पानं हातात येतात. प्रॉम्प्टिंग मिळतं, म्हणजे बाजूने कोणी ओळ सांगतं, पण त्यावर विसंबलं की ऐकणं संपतं, पुढची ओळ कानावर कधी पडते याकडेच लक्ष राहतं.

शिकायचं कुठे? मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि पुण्याचं ललित कला केंद्र इथे रीतसर शिक्षण मिळतं. वेळ आणि वय असेल तर जरूर जा. नोकरी किंवा शूट सांभाळून करायचं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: महागड्या आठवडाभराच्या कोर्सपेक्षा राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारी गावातली हौशी संस्था बरी. तालमीला तीन महिने रोज जायचं, प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातलं सामान लावायचं, मिळालीच तर चार वाक्यांची भूमिका करायची. दुसऱ्याचं ऐकायची सवय तालमीच्या हॉलमध्ये लागते. कॉलेजात असाल तर एकांकिका सोडू नका.

कामाचा दिवस बारा तासांच्या शिफ्टचा, आणि तो गोरेगावच्या चित्रनगरीत, मढला, ठाण्याच्या घोडबंदर रोडला, मिरा रोड-नायगावला किंवा थेट कोल्हापूर-साताऱ्याकडे असू शकतो. अर्ध्या तासाच्या भागात साधारण बावीस मिनिटांचा मजकूर लागतो आणि तो आठवड्याचे बहुतेक दिवस दाखवायचा असतो. त्यामुळे फॅशन शूटमध्ये एका फ्रेमवर तासभर घालवलेल्यांना सुरुवातीला धाप लागते. कंटिन्युटी, म्हणजे आधीच्या शॉटमध्ये काय कसं होतं ते, स्वतः लक्षात ठेवा: पदर कुठल्या खांद्यावर, ग्लास कुठल्या हातात, कोणत्या शब्दावर बसलात. एडी लिहितो, पण तो एकटा सहा जणांचं बघत असतो.

आता पैसे, कारण याबद्दल उघड बोललं जात नाही. मालिकेत पैसे दिवसावर ठरतात, आणि हातात येतात साधारण तीन महिन्यांनी. म्हणजे जूनमध्ये काम सुरू केलंत तर गणपतीपर्यंत घरभाडं स्वतःच्या खिशातून जाणार. तेवढी पुंजी बाजूला असल्याशिवाय मॉडेलिंगची कामं बंद करू नका. दहा टक्के टीडीएस कापला जातो, तेव्हा रिटर्न दरवर्षी भरा. करारात तीन गोष्टी सही करण्याआधी शोधा: महिन्याला किमान किती दिवस कामाची हमी आहे, मालिका चालू असताना जाहिराती आणि कॅटलॉग करायला परवानगी लागते का, आणि केसांची लांबी-रंग बदलायचा अधिकार कोणाचा. शेवटची दोन कलमं मॉडेलच्या पोटावर थेट येतात. परवानगी मिळणार असेल तर ती करारातच लिहून घ्या, तोंडी आश्वासन देणारा माणूस सहा महिन्यांनी दुसऱ्या मालिकेवर गेलेला असतो.

ऑडिशनसाठी, नोंदणीसाठी, 'रोल पक्का करायला' कोणी पैसे मागितले तर तिथून निघायचं. कोणतंही खरं प्रॉडक्शन हाउस कलाकाराकडून पैसे घेत नाही. 'कार्ड काढून देतो' म्हणणाऱ्यांपासूनही लांब राहा: कलाकारांची संघटना सिंटा आहे, तिचं सभासदत्व घ्यायचं तर थेट तिच्या कार्यालयातून घ्या, आणि त्या कार्डाने काम मिळत नाही, अडचणीत पाठीशी कोणी असतं. लूक टेस्ट, म्हणजे भूमिकेचे कपडे-मेकअप करून बघणं, ऑफिसात किंवा सेटवर होते, हॉटेलच्या खोलीत नाही. नव्या जागी जाताना घरच्या कोणाला तरी लोकेशन पाठवा, शक्य असेल तर सोबत न्या. सोबत कोणी आहे म्हणून ज्यांना अडचण वाटते, त्यांच्याकडे काम नसतं.

एक गोष्ट मनाची तयारी म्हणून सांगते. तुमचा ट्रॅक, म्हणजे मालिकेतली तुमच्या पात्राची गोष्ट, कधीही थांबू शकतो. दर गुरुवारी टीआरपी येतो आणि कथेची दिशा त्यावर हलते. परदेशी गेलेली नणंद परत येतेच असं नाही. म्हणून मालिका चालू असतानाच सुट्टीच्या दिवशी ऑडिशन देत राहा. टेलिकास्ट झालेल्या भागांतले स्वतःचे दोन-तीन चांगले सीन कापून ठेवा, त्यातही जिथे तुम्ही बोलत नाही आणि समोरचा बोलतोय असा एक तरी घ्या. इंट्रो व्हिडिओ सहा महिन्यांनी नव्याने करा, वजन आणि केस बदललेले असतात. पहिल्या भूमिकेसाठी शोध घेताना ज्या कोऑर्डिनेटरनी, म्हणजे कलाकारांना ऑडिशनला पाठवणाऱ्यांनी, फोन उचलले होते, त्यांना स्वतःहून महिन्यातून एकदा कळवत राहा की तुमच्याकडे पुढच्या महिन्यात कोणत्या तारखा मोकळ्या आहेत.