शालेय ग्रंथपालांनी पदवीशिवाय पुढे कसं शिकावं?

जूनमध्ये शाळा उघडली की ग्रंथालयात नव्या पुस्तकांचे गठ्ठे येऊन पडतात. दाखलनोंद वही उघडी, शिक्क्याची शाई वाळत आलेली आणि दारात पाचवीची रांग. ठाणे-नवी मुंबईतल्या कितीतरी शाळांत हे सगळं सांभाळणाऱ्या बाई मुळात शिक्षिका असतात, नाहीतर कार्यालयातल्या. ‘ग्रंथालय आता तुम्ही बघा’ एवढंच त्यांना सांगितलेलं असतं. बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला, आधी कुठली तरी पदवी लागते, शिवाय वेळ लागतो. पण त्याआधीही शिकण्यासारखं खूप आहे.

आधी आठवडाभर टिपण ठेवा

कोर्स शोधण्याआधी रोज काय अडतं ते लिहा. माझ्या पहिल्या टिपणात एकच गोष्ट पाचदा आली होती: पुस्तक कपाटात आहे हे माहीत होतं, पण सापडत नव्हतं. म्हणजे मला आधी वर्गीकरण, म्हणजे पुस्तकं विषयवार लावणं, शिकायला हवं होतं, संगणक नंतर. तुमचं दुखणं वेगळं असेल.

कामासाठी शिकताय की पदासाठी?

हे आधी ठरवा, कारण दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. खासगी शाळांतल्या पदांसाठीची पात्रता महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती नियमावली, १९८१ मध्ये आहे. अर्धवेळ किंवा पूर्णवेळ ग्रंथपालपद मनात असेल, तर अमुक प्रमाणपत्र चालेल का, हे शाळेमार्फत शिक्षणाधिकारी कार्यालयाला लेखी विचारा. तोंडी उत्तरावर जाऊ नका. मी एका खासगी क्लासमध्ये पैसे भरून प्रमाणपत्र घेतलं आणि अर्जाच्या वेळी ते कुणी मोजलंच नाही. ती रक्कम घरखर्चातून काढलेली होती, म्हणून हे कळकळीने सांगते.

पाया: दोन भरवशाचे रस्ते

पहिला आपल्या घरचा. राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाच्या मान्यतेने जिल्हा ग्रंथालय संघ ग्रंथालय प्रमाणपत्राचे वर्ग चालवतात. मराठीतून शिकायचं असेल तर हाच धरा. पुढचा वर्ग कधी आहे ते संघाकडे विचारून ठेवा.

दुसरा इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा. तिथला ग्रंथालय आणि माहितीशास्त्राचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम बारावीनंतर करता येतो. किमान मुदत ६ महिने, हवा तर २ वर्षांपर्यंत पुरवता येतो. परीक्षा साधारण जून आणि डिसेंबरमध्ये. असाइनमेंट वेळेत दिल्या नाहीत तर निकाल अडकतो, तेवढं सांभाळा. पुस्तकं ई-ज्ञानकोश या इग्नूच्याच संकेतस्थळावर फुकट आहेत, तेव्हा प्रवेशाआधी दोन धडे वाचून बघा, इंग्रजी झेपतं का ते कळेल.

शिकत असतानाच हात चालवा. एका कपाटातली ५० पुस्तकं खाली काढा आणि ड्यूईच्या दशांश पद्धतीने क्रमांक द्या; तिच्यात प्रत्येक विषयाला ठरलेला आकडा असतो. मराठी साहित्य ८९१.४६, त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. पक्ष्यांची पुस्तकं ५९८, खगोलशास्त्र ५२०. पुठ्ठ्याच्या कण्यावर पांढरी पट्टी चिकटवून काळ्या पेनाने क्रमांक लिहा. आमच्या सातवीतल्या एका मुलाला एकदाच दाखवलं, ‘पाच-नऊ-आठ’. दुसऱ्या दिवशी तो मला न विचारता घुबडाचं पुस्तक काढून घेऊन आला. त्या दिवसापासून माझी वर्गीकरणाची धास्ती गेली.

अडलं तर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात एक चक्कर मारा. १८९३ पासून चालू असलेली संस्था आहे. कपाटं कशी लावली आहेत आणि देवघेव कशी चालते, हे नुसतं उभं राहून पाहिलं तरी शिकायला मिळतं.

संगणक: कोहा

कोहा ही ग्रंथालयाच्या नोंदी आणि देवघेव संगणकावर ठेवण्याची, न्यूझीलंडमध्ये जन्मलेली मुक्त प्रणाली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आणि ती खरोखरच मोफत आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात तिचे छोटे छोटे धडे आहेत. धडा नुसता बघू नका. थांबवा, स्वतः करा, मग पुढे जा. सुरुवात १०० पुस्तकांनी करा आणि वही बंद करू नका. एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून पाळा: मराठी नावं युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या प्रमाण लिपीसंकेतातच, टाइप करा. जुन्या फॉन्टमधल्या नोंदी पडद्यावर ठीक दिसल्या तरी शोधात सापडत नाहीत आणि सगळं पुन्हा टाइप करावं लागतं.

मुलांपर्यंत पुस्तक नेणं

माझ्या मते शालेय ग्रंथपालाचं खरं काम हेच, आणि नेमकं यालाच प्रमाणपत्रांत कमी जागा मिळते. टाटा ट्रस्ट्सच्या ‘पराग’ उपक्रमाचा लायब्ररी एज्युकेटर्स कोर्स यासाठी जरूर पाहा. तो हिंदी-इंग्रजीत असतो, थोडे दिवस प्रत्यक्ष आणि बाकी घरून. प्रकट वाचन, पुस्तकाची ओळख करून देणं, पुस्तकांवर गप्पा, निवड कशी करावी, यावर त्याचा भर आहे. जमला नाही तर आठवड्यातला एक तास ठरवून घ्या आणि मुलांना दहा मिनिटं मोठ्याने वाचून दाखवा. मग कोणती पुस्तकं घरी गेली ते देवघेवीच्या वहीत बघा.

प्रमाणपत्र हाती आलं की साक्षांकित प्रत मुख्याध्यापकांकडे अर्जासोबत द्या, सेवापुस्तकात नोंद करायला सांगा आणि अर्जाची पोच घ्या. मूळ प्रत शाळेत ठेवू नका.