दगडातल्या पानांवरून जुनं हवामान सांगताना या चुका टाळा

विदर्भाच्या जमिनीत दोन परस्परविरोधी हवामानं गाडलेली आहेत. चंद्रपूर, उमरेड, कामठीच्या कोळसापट्ट्यात २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीची थंड प्रदेशातली झाडं आहेत. त्यांच्या कितीतरी नंतर, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या तळ्याच्या गाळात उष्ण, दमट रानातली लाकडं, फळं आणि बिया दगड होऊन राहिल्या. भूशास्त्रज्ञ या गाळाला अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. दोन्ही काळांची हवा आपल्याला कळली ती मुख्यतः वनस्पतींमुळे. म्हणूनच कॉलेजच्या प्रकल्पांत, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोंखाली आणि काही वेळा प्रदर्शनांतल्या फलकांवरही या पुराव्याचा चुकीचा अर्थ लावलेला दिसला की वाईट वाटतं. चुका बहुतेक त्याच त्या असतात.

नक्षी दिसली की वनस्पती समजणं

दगड फुटला आणि आत नेच्यासारखी काळी नाजूक फांदी दिसली, तर बहुतेक वेळा ती वनस्पती नसते. दगडातल्या भेगेत पाणी झिरपतं आणि त्यातलं मँगनीजचं ऑक्साइड फांद्याफांद्यांनी साचत जातं. अकिकात दिसणारं हिरवं 'शेवाळ'सुद्धा खनिजच असतं. ओळखायचं कसं? खऱ्या पानाला मधली शीर असते, शिरांची ठरावीक रचना असते, आणि एक पान दुसऱ्यावर पडलेलं दिसतं. भेगेतल्या खनिजाच्या फांद्या एकमेकींना ओलांडत नाहीत आणि सहसा भेगेचा पृष्ठभाग सोडून दगडाच्या अंगात शिरत नाहीत. भिंगातून पाहिलं की पाच मिनिटांत निकाल लागतो. तोवर हवामानाचा विषयच काढू नये.

कोळसा म्हणजे उष्ण कटिबंधातली दलदल, असं धरून चालणं

ही चूक सर्वात खोल रुजलेली आहे, कारण शाळेच्या पुस्तकातलं चित्र डोक्यात पक्कं बसलेलं असतं: वाफाळलेलं दलदलीचं जंगल आणि प्रचंड आकाराचे चतुर (ड्रॅगनफ्लाय). ते चित्र युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या कार्बनी काळातल्या कोळशाचं आहे. ते प्रदेश तेव्हा विषुववृत्ताजवळ होते. आपला कोळसा, भूशास्त्राच्या भाषेत गोंडवन कोळसा, नंतरचा, म्हणजे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या पर्मियन काळातला, आणि तेव्हा भारत दक्षिण गोलार्धात ध्रुवाकडच्या अक्षांशांवर होता.

याची साक्ष कोळशाच्या खालीच आहे. गोंडवन थरांच्या तळाशी तालचेर थर येतात. त्यांत हिमनद्यांनी वाहून आणलेले लहानमोठे धोंडे मातीत मिसळलेले आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात इरईजवळच्या चुनखडीवर बर्फाने घासून काढलेले ओरखडे एकोणिसाव्या शतकातच नोंदवले गेले. बर्फ ओसरल्यावर त्या ओल्या सखल जमिनीवर ग्लॉसोप्टेरिस या आता नामशेष झालेल्या झाडांची रानं उभी राहिली. जिभेच्या आकाराची पानं, मधोमध ठळक शीर, दोन्ही बाजूंना शिरांची जाळी. ही पानं थराथरांत इतकी दाट साचलेली सापडतात की झाडं ठरावीक ऋतूत पानं झाडत असावीत असं मानलं जातं. अंटार्क्टिकातल्या याच काळातल्या लाकडांत वाढीची वलयं ठळक आहेत. १९१२ मध्ये कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावले. त्यांच्यापाशी सुमारे १६ किलो दगड सापडले आणि त्यांत ग्लॉसोप्टेरिसची पानं होती. उपासमारीतही त्यांनी ते ओझं टाकलं नव्हतं.

कोळशासाठी उष्णता लागतेच असं नाही. पाणी साचलेलं हवं, आणि वनस्पतींचे अवशेष कुजून संपण्याआधी गाडले जायला हवेत. थंडीत कुजण्याचा वेग मंदावतो, त्यामुळे तिथेही हे जमून येतं.

जमीन सरकली हे विसरणं

इथूनच पुढची गफलत होते. 'विदर्भ आधी थंड होता, मग उष्ण झाला, म्हणजे पृथ्वी तापली' असा सरळ निष्कर्ष काढला जातो. जागतिक हवामान बदललं हे खरं, पण दरम्यान भारताचा भूखंडही उत्तरेकडे हजारो किलोमीटर सरकला होता. अंतरा-ट्रॅपी थरांच्या काळातही नागपूर-छिंदवाड्याचा भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेलाच होता. एकाच गावातले दोन थर शेजारी ठेवताना त्या त्या काळी ते गाव कुठल्या अक्षांशावर होतं, हे आधी पाहावं लागतं.

पानाच्या कडेचं सूत्र कुठेही लावणं

१९१५ मध्ये बेली आणि सिनॉट या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञांनी एक विलक्षण गोष्ट मांडली. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक झाडांच्या पानांची कड अखंड असते, थंड प्रदेशांत दातेरी पानांचं प्रमाण वाढतं. पुढे यातून सूत्र निघालं. पूर्व आशियातल्या जंगलांवर बेतलेल्या सूत्रात अखंड कडेच्या जातींचं प्रमाण (० ते १) ३०.६ ने गुणून त्यात १.१४ मिळवतात, की वार्षिक सरासरी तापमान सेल्सियसमध्ये मिळतं. ६०% जाती अखंड कडेच्या असतील, तर उत्तर १९.५ अंश येतं.

सूत्र इतकं सोपं आहे की त्याच्या अटी कोणी वाचत नाही. पहिली अट: ते फक्त द्विदल फुलझाडांतल्या वृक्ष-झुडपांसाठी आहे. नेचे, ताड, गवत, सूचिपर्णी यांना त्यात जागा नाही. ग्लॉसोप्टेरिसचं पान अखंड कडेचं असतं, पण फुलझाडं उगवण्याच्या कितीतरी आधीचं ते झाड आहे. त्याला हे सूत्र लावलं, तर हिमनद्यांच्या शेजारच्या रानाला आपण भर उन्हाळ्यात नेऊन ठेवू.

दुसरी अट जातींच्या संख्येची. मोजायच्या त्या जाती, पानं नव्हे. एकाच झाडाची शंभर पानं सापडली तरी ती एक जात. तुमच्याकडे १० जाती असतील तर एका जातीची कड चुकीची वाचल्याने उत्तर ३ अंशांनी हलतं, २० असतील तर दीड अंशाने. म्हणून २० ते २५ जाती जमल्याशिवाय आकडा सांगू नये, आणि जमल्यावरही चुकीची मर्यादा सोबत द्यावी. शिवाय ओढ्याकाठच्या झाडांत दातेरी पानं तुलनेने जास्त असतात आणि जीवाश्म होतात ती मुख्यतः तीच, कारण गाळ तिथे असतो. त्यामुळे उत्तर खऱ्यापेक्षा थंड येण्याकडे कल राहतो.

आजच्या भाईबंदाचा पत्ता जुन्या झाडाला चिकटवणं

मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यातल्या घुघुआ जीवाश्म राष्ट्रीय उद्यानात ताडाच्या अश्मीभूत खोडांसोबत निलगिरीशी जुळणारं लाकूडही नोंदवलं गेलं आहे. यावरून 'इथे ऑस्ट्रेलियासारखं कोरडं हवामान होतं' म्हणणं चूक ठरेल. निलगिरीचा आजचा पसारा हा त्या कुळाच्या लांबलचक इतिहासाचा शेवटचा तुकडा आहे. कॅनडाच्या अगदी उत्तरेला, ॲक्सेल हायबर्ग बेटावर, सुमारे ४.५ कोटी वर्षांपूर्वीची मेटासेक्वोया या सूचिपर्णी झाडाची खोडं जवळजवळ न बदलता टिकली आहेत. तेच झाड आज नैसर्गिकरीत्या फक्त चीनच्या एका छोट्या भागात उरलं आहे. तिथलं आजचं पाऊसमान जसंच्या तसं उचलून ध्रुवाजवळच्या जंगलाला लावता येत नाही.

एका झाडापेक्षा सगळी वस्ती पाहावी. छिंदवाडा जिल्ह्यातलं मोहगाव कलान हे याचं उत्तम उदाहरण. तिथे निपाची फळं सापडली. निपा हा खाडीकाठचा ताड, आज सुंदरबन आणि अंदमानात वाढतो. फळ पाण्यावर तरंगत दूर जाऊ शकतं, म्हणून एवढ्यावरून समुद्र जवळ होता असं ठामपणे म्हणता आलं नसतं. पण तिथूनच खारफुटीतल्या इतर वनस्पतींशी नातं सांगणारे अवशेषही वर्णिले गेले, आणि मध्य भारतात समुद्राचा फाटा शिरला असावा ही कल्पना गांभीर्याने मांडता आली.

सापडलं तिथेच उगवलं, असं मानणं

तमिळनाडूत तिरुवक्कराईला अश्मीभूत वृक्षांची प्रचंड खोडं आडवी पडलेली आहेत. त्यांना मुळं नाहीत, फांद्या नाहीत. ती पुरात वाहत येऊन गाळात रुतली असं मानलं जातं. अशा खोडांवरून हवामान सांगायचं झालं तर ते नदीच्या वरच्या अंगाचं असेल. परागकणांचं तर विचारूच नका, वारा त्यांना डोंगरापलीकडे नेतो. मुळं जमिनीत रोवलेली असतील, किंवा नाजूक पानं अखंड आणि एकत्र असतील, तर जागा तीच असण्याची शक्यता बरीच वाढते.

वलयांचा हिशेब घाईने करणं

वाढीची वलयं दिसली की ऋतू होते, हे साधारणपणे खरं. पण वर्षाच्या मध्येच दुष्काळ पडला किंवा पानं किड्यांनी खाल्ली तर खोटं वलय पडतं. ताडाला वलयं नसतातच, तेव्हा ताडाचं गुळगुळीत लाकूड दाखवून 'बारमाही पाऊस' म्हणू नये. अंतरा-ट्रॅपी थरांतल्या अनेक द्विदल लाकडांतही वलयं अस्पष्ट किंवा गायब आहेत. तिथे मात्र ती गोष्ट अर्थपूर्ण आहे, कारण ती अनेक जातींत एकाच वेळी दिसते. आणि कृपा करून नुसत्या बाहेरच्या रेषांवरून 'हा साग' म्हणू नका. लाकूड ओळखायला आडवा छेद आणि दोन उभे छेद असे तीन पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात.

गवत सापडलं म्हणून माळरान उभं करणं

वरोऱ्याजवळचं पिसदुरा हे गाव जगभरच्या पुराजीवशास्त्रज्ञांना ठाऊक आहे, ते डायनोसॉरच्या अश्मीभूत शेणामुळे. त्या शेणात वनस्पतींच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण होते, आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांतले काही गवतांचे निघाले. डायनोसॉरच्या काळात गवत होतं, हे त्यामुळे पहिल्यांदा ठामपणे दाखवता आलं. महाराष्ट्राच्या मातीतून आलेला इतका मोठा शोध आपल्या मुलांना शाळेत शिकवला जावा असं मला मनापासून वाटतं.

पण त्या शोधाबरोबर डायनोसॉर मोकळ्या माळावर चरताहेत असं चित्र जोडलं जातं, आणि त्याला आधार नाही. त्याच शेणात ताड, सूचिपर्णी आणि इतर झाडांचेही अवशेष होते. गवत होतं ते झाडांच्या मधे, थोडंथोडकं. आपल्या उपखंडात शिवालिक पट्ट्यात गवताळ मैदानं पसरली ती फार उशिरा, सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी. एखादी वनस्पती असणं आणि तिचं राज्य असणं यांत कोट्यवधी वर्षांचं अंतर पडू शकतं.

पर्णरंध्रांकडून तापमान मागणं

पानावरची सूक्ष्म रंध्रं हवेतला कार्बन डायऑक्साइड सांगतात, थर्मामीटरचं काम ती करत नाहीत. वायू वाढला की अनेक जातींत रंध्रं कमी होतात. १९८७ मध्ये जुन्या वनस्पतिसंग्रहांतल्या पानांवरून हे दाखवलं गेलं. नुसती दर चौरस मिलिमीटरची संख्या फसवते, कारण उन्हातलं आणि सावलीतलं पान वेगळं असतं. म्हणून रंध्रांचं प्रमाण बाकीच्या पेशींच्या तुलनेत काढतात. जात ओळखलेली नसेल तर हे मोजूच नये.

दगड घरी आणणं

थरातून सुटलेला जीवाश्म निम्मा मुका होतो. जागेवरच मोजपट्टी ठेवून फोटो घ्या. थर कोणता, वरची बाजू कुठली, सोबत काय होतं, खोड कुठल्या दिशेला पडलं होतं, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश काय, हे तिथेच लिहा. पानाच्या ठशावर व्हार्निश किंवा डिंक लावू नका, त्यावरचा कार्बनचा पातळ पापुद्रा तपासणीला निरुपयोगी होतो. राखीव वनातून किंवा सिरोंचाजवळच्या वडधमसारख्या जीवाश्म उद्यानातून तर तुकडाही उचलू नये. नोंद आणि फोटो नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाकडे, जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाकडे किंवा लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेकडे पाठवा, आणि ते ठिकाण समाजमाध्यमांवर जाहीर करू नका.