फायबर वाढवताय? मग या चुका टाळा

पोट साफ होत नाही असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, पाणी किती पिता? कारण फायबर, म्हणजे अन्नातला न पचणारा तंतुमय भाग, वाढवताना सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. माझ्या सासऱ्यांना कुणीतरी इसबगोल, म्हणजे फायबरचाच भुसा, सांगितलं, त्यांनी पहिल्याच रात्री तीन मोठे चमचे अर्ध्या कप पाण्यात कालवून घेतले आणि झोपले, सकाळी पोट नगाऱ्यासारखं, शौचाला काहीच नाही, तिसऱ्या दिवशी शेवटी डॉक्टरांकडे न्यावं लागलं. घरी एकदा करून बघा, वाटीत चमचाभर इसबगोल आणि थोडं पाणी घाला, दहा मिनिटांनी वाटी कलती केली तरी तो बुळबुळीत गोळा हलत नाही. पाणी कमी पडलं तर असाच गोळा घशात नाहीतर आतड्यात अडकू शकतो. मी अर्ध्या चमच्याने सुरू करते, मोठ्या ग्लासात ढवळलं की लगेच पिऊन टाकते आणि वर अजून एक ग्लास पाणी. थायरॉईडची गोळी असेल तर दोन्हीत चार तासांचं अंतर ठेवा. गिळायला त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय इसबगोलला हातसुद्धा लावू नका.

दुसरी चूक घाईची. काल मैद्याचा पाव आणि आजपासून तिन्ही वेळा सॅलड, मोड आलेली कडधान्यं, मग चार दिवसांत "मला फायबर सोसत नाही" म्हणून सगळं बंद. अहो, मोठ्या आतड्यातले जिवाणू हे फायबर आंबवतात, त्यातून आतड्याच्या अस्तराला लागणारं ब्युटिरेट नावाचं द्रव्य मिळतं पण गॅसही होतोच, सवय व्हायला दोन-तीन आठवडे द्या ना! जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान 25 ग्रॅम सांगते, पण तिथे पहिल्याच दिवशी पोचायचं नसतं.

पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकणं, हे बघितलं की मला खरंच वाईट वाटतं. दळण आणायला गिरणीत रांग लावायची आणि घरी येऊन त्यातलं चांगलं तेवढं काढून टाकायचं! पोळ्या मऊ हव्यात ना, मग कणीक जरा सैल भिजवा आणि अर्धा तास झाकून ठेवा, कोंडा पाणी पितो आणि पोळी मऊच होते. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण 10 ग्रॅम फायबर असतं, मैद्यात जेमतेम 3.

फळाचा रस गाळून पिऊ नका, फळ चावून खा. काकडी सोलू नका, धुवा. दोडक्याच्या शिरा टाकू नका, तीळ घालून चटणी करा. "फायबरवाली" बिस्किटं घेताना मागचं लेबल वाचा, मैदा आणि साखर पहिल्या ओळीत असेल तर परत ठेवा.

आणि शौचातून रक्त जात असेल किंवा कारण नसताना वजन उतरत असेल तर भाकरी-इसबगोलचे प्रयोग करत बसू नका, त्याच आठवड्यात तपासून घ्या.