घरात शुगर असेल तर तिशीपासून काय करायचं

आई किंवा वडील, एकाला टाइप २ मधुमेह असेल तर मुलांना आयुष्यात कधीतरी तो होण्याची शक्यता साधारण ४० टक्के धरली जाते. दोघांनाही असेल तर ती ७० टक्क्यांच्या आसपास जाते. जनुकं बदलता येत नाहीत, पण घरातून फक्त जनुकं येत नाहीत. दोन चमचे साखरेचा चहा, दोन वेळचा भात, जेवलं की आडवं होणं, हेही घरातूनच येतं आणि ते बदलता येतं. चेन्नईत साखर वाढू लागलेल्या, पण मधुमेह न झालेल्या लोकांवर तीन वर्षं अभ्यास झाला. २००६ साली त्याचे निष्कर्ष आले. काहीच न बदललेल्या गटात १०० पैकी ५५ जणांना मधुमेह झाला, आहार आणि चालणं सुधारलेल्या गटात ३९ जणांना. म्हणजे हमी नाही, पण फरक मोठा आहे.

आधी टेप घ्या

"मी बारीक आहे, मला काय होणार?" हा आपल्याकडचा सर्वांत महागात पडणारा समज आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा ही चरबी दाखवत नाही. म्हणूनच आपल्यासाठी बीएमआयची मर्यादा २५ नाही, २३ आहे, आणि त्याहून कामाचं माप कंबरेचं.

कंबर म्हणजे पँटचा पट्टा बसतो ती जागा नव्हे. शेवटची बरगडी आणि खुब्याच्या हाडाची वरची कड, यांच्या बरोबर मध्ये टेप धरा. कपड्यावरून नको, अंगालगत. श्वास सोडल्यावर वाचा, पोट आत ओढू नका. पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी.

आता गुण मोजा. ही पद्धत भारतीयांसाठीच बनवलेली आहे. वय ३५ ते ४९ असेल तर २०, पन्नाशी गाठली असेल तर ३०. कंबर वरच्या मर्यादेपासून दहा सेंटिमीटरपर्यंत जास्त असेल तर १०, त्यापुढे २०. व्यायाम नाही आणि कामही बैठं असेल तर ३०. नियमित व्यायाम किंवा कष्टाचं काम यांपैकी एक असेल तर २०. दोन्ही असतील तर शून्य. आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज ६० किंवा जास्त आली तर धोका मोठा.

समजा पुरुष, वय ३८, कंबर ९४, ऑफिसात खुर्चीवरचं काम, आईला शुगर. २० + १० + ३० + १० = ७०. याच माणसाने नियमित व्यायाम सुरू केला आणि कंबर ९० च्या आत आणली, की बेरीज ५० होते. वय आणि आई तीच, वीस गुण गेले ते हातातल्या दोन गोष्टींमुळे.

तपासणी नीट करून घ्या

तिशीनंतर वर्षातून एकदा. घरात मधुमेह असेल आणि कंबर वाढलेली असेल, मानेवर काळसर मखमली पट्टा दिसत असेल, पीसीओडी किंवा फॅटी लिव्हर असेल, तर तिशीचीही वाट पाहू नका. जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात तीस वर्षांपुढच्यांची साखर मोफत बघतात. पण बोटातून घेतलेला थेंब फक्त इशारा देतो, निदान प्रयोगशाळेतल्या रक्तावरच करायचं.

मधुमेहाच्या आधीची पायरी अशी ओळखतात: उपाशीपोटी १०० ते १२५, किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी १४० ते १९९, किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ५.७ ते ६.४. या तिन्हींपैकी कुठल्याही मर्यादेच्या वरचे आकडे मधुमेहाचे. लक्षणं नसतील तर ते दुसऱ्या तपासणीने पक्के करतात.

फक्त उपाशीपोटीची साखर बघून "नॉर्मल आहे" म्हणत घरी येणं ही नेहमीची चूक. आपल्या लोकांत अनेकदा ती ठीक असते आणि ग्लुकोजनंतरची वाढलेली असते. एकदा तरी ग्लुकोजची पूर्ण तपासणी करा. घरचं जेवून दोन तासांनी दिलेली 'पीपी' म्हणजे ही तपासणी नव्हे. आदले तीन दिवस नेहमीसारखं जेवा. भात-पोळी सोडून गेलात तर उलट आकडा खोटा वर जाऊ शकतो. रात्रभर किमान आठ तास फक्त पाणी. सकाळी ग्लुकोज पाच मिनिटांत संपवायचं, पहिल्या घोटापासून दोन तास मोजायचे, आणि तेवढा वेळ बसून राहायचं. त्या वेळात चालणं, चहा, तंबाखू काहीही नको.

एचबीएवनसी सोयीचं आहे, पण लोहाची कमतरता असली तर ते खोटं वाढलेलं दिसू शकतं आणि सिकल सेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर त्यावर विसंबता येत नाही. विदर्भ आणि नंदुरबारकडच्या वाचकांनी आणि हिमोग्लोबिन कमी असलेल्या बायकांनी डॉक्टरांना हे आधी सांगावं.

ताट उलटं भरा

आपल्या ताटात पोळी-भात हे जेवण असतं आणि भाजी तोंडी लावायला. हा क्रम उलटा करायचा. अर्धं ताट पालेभाजी, फळभाजी, कोशिंबीर (बटाटा यात धरायचा नाही). पाव ताट उसळ, घट्ट वरण, अंडी, मासे, चिकन किंवा पनीर. उरलेल्या पाव ताटात भाकरी, पोळी किंवा भात. एका वेळी यातलं एकच. चार पोळ्यांवर भात नको. खातानाही कोशिंबीर आणि उसळ आधी, भात शेवटी. पोटात आधी भाजी आणि डाळ गेली की मागून येणारी साखर रक्तात सावकाश चढते.

वरणाचं पाणी म्हणजे प्रथिनं नव्हेत. माणशी ३० ग्रॅम कच्ची मटकी, मूग किंवा चवळी मोजून भिजवा, त्यातून सुमारे सात ग्रॅम प्रथिनं मिळतात. दोन्ही जेवणांत हे हवंच.

ज्वारीची भाकरी चांगली, पण ती मोजून खायची. "ज्वारी शुगरला चालते" म्हणून तीन खाल्ल्या तर फायदा तिथेच संपतो. गूळ आणि मध ही साखरच आहे. दोन चमचे साखरेचे दिवसाला चार चहा म्हणजे महिन्याला सव्वा किलोच्या आसपास साखर. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलात तर महिन्याभरात जीभ सरावते.

उपवास हा वेगळाच विषय. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात जवळजवळ ८८ ग्रॅम पिष्ट असतं आणि प्रथिनं नावालाच. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी धरणाऱ्याच्या शरीराला उपास घडतच नाही. त्याऐवजी राजगिऱ्याची छोटी भाकरी, दाण्याची आमटी, काकडीची खमंग कोशिंबीर, दही किंवा ताक. भगर घेतलीत तर भाताइतकीच, पाव ताट. आंब्याच्या दिवसांत अर्धा आंबा कापून खा आणि त्या वेळची एक पोळी वगळा. पुरीसोबत दोन वाट्या आमरस नको.

मेथीचं पाणी, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड घ्यायची असेल तर घ्या, पण ताट तेच ठेवून नाही. त्या भरवशावर तपासणी टाळली जाते, खरं नुकसान तिथे होतं.

वजन जास्त असेल तर सहा महिन्यांत पाच ते सात टक्के उतरवायचं. ७२ किलोच्या माणसाला साडेतीन ते पाच किलो, बस. बारीक माणसाने वजन उतरवू नये, स्नायू वाढवावेत.

स्नायू ही साखरेची कोठी

जेवणातली बरीचशी साखर स्नायूंमध्ये जाते. स्नायू काम करत असताना ती इन्सुलिनवाचूनही आत ओढून घेतात आणि हा परिणाम दिवस-दोन दिवस टिकतो. म्हणून फक्त रविवारी दहा किलोमीटर चालण्यात अर्थ नाही. सलग दोन दिवस खंड पडू द्यायचा नाही. आठवड्याला १५० मिनिटं, मिनिटाला शंभरएक पावलं. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग. शिवाय दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर १० ते १५ मिनिटं साधी शतपावली. शंभर पावलांवर थांबू नका.

चालण्याने पायांचं काम होतं, स्नायू फारसे वाढत नाहीत. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. प्रत्येकी १० ते १२ वेळा, दोन फेऱ्या. अवघड वाटेनासं झालं की वजन वाढवा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा, व्यायाम सोडू नका.

झोप सात तासांच्या खाली आणू नका. सिगारेट-बिडीने धोका स्पष्ट वाढतो.

दोन गोष्टी वेगळ्या

बाळंतपणात शुगर वाढली होती आणि नंतर "गेली", अशा बायकांनी प्रसूतीनंतर ६ ते १२ आठवड्यांत ग्लुकोजची तपासणी करावी. बाळाच्या लसीच्या तारखेलाच ती जोडून टाका, नाहीतर राहून जाते. ती नॉर्मल आली तरी पुढे दरवर्षी.

आणि मुलांबद्दल: वर लिहिलेलं सगळं टाइप २ साठी आहे. लहान मूल अचानक सारखं पाणी पिऊ लागलं, रात्री अंथरूण ओलं करू लागलं, खाऊनही वाळू लागलं, तर तो टाइप १ असू शकतो. तिथे आहार बदलून बघत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन साखर तपासायची.