अंगणातलं झाड तोडायचंय? आधी परवानगी पाहा

झाड स्वतःच्या जागेत असलं तरी शहरात ते विनापरवाना तोडणं गुन्हा आहे. १९७५ चा महाराष्ट्राचा वृक्षसंरक्षण कायदा खासगी आवारालाही लागू होतो. मजूर ठरवण्याआधी एवढं करा:

१. पालिकेच्या उद्यान किंवा वृक्ष प्राधिकरण विभागात वृक्ष अधिकाऱ्याच्या नावे लेखी अर्ज द्या. त्यात झाडाची जात, खोडाचा छातीच्या उंचीवरचा घेर, तोडण्याचं कारण लिहा. झाडाची जागा दाखवणारा नकाशा आणि फोटो जोडा. पोचपावती घ्याच.

२. कारण नेमकं लिहा. ‘धोकादायक’ एवढ्यानं भागत नाही. पोकळ खोड, भिंतीला गेलेला तडा, झुकाव फोटोत दिसू द्या. अनेकदा पाहणीनंतर फक्त फांद्या उतरवून काम भागतं आणि झाड वाचतं, तेच उत्तम.

३. झाडावर नोटीस लागते, हरकती घेता येतात. त्यासाठी वेळ हाताशी ठेवा. पावसाळ्याच्या तोंडावर अर्ज करू नका.

झाड पन्नास वर्षांचं किंवा त्याहून जुनं असेल तर ते २०२१ च्या दुरुस्तीनुसार वारसा वृक्ष ठरतं, नियम आणखी कडक होतात. गावात १९६४ चा वेगळा कायदा आहे; आंबा, फणस, साग, चिंच तोडण्याआधी वनविभागाकडे विचारा.

सावधान: बुंध्याला आग लावणं किंवा झाडाला कुठलीही इजा करणं हेही कायद्यानं तोडणंच आहे.